मामाजींची भादव्यातली झोप

पोळा जवळ आला की नाही हे आमच्या गावात कॅलेंडर पाहून कोणी ठरवत नसे. माझे सासरे नागोराव शिंकायला लागले की पोळा आला. सकाळी पहिली शिंक ऐकू आली की समोरच्या घरातून हाक यायची, "झाली सुरुवात, बैलाचे साज काढा रे!" मग दुसरी शिंक, तिसरी, आणि मोजणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत पुढच्या. आमच्या वावराला लागून लखीरामचं वावर आहे. तो सांगायचा की नागोरावभाऊ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर शिंकले की माझ्या शेळ्या नाल्यापर्यंत पळतात. लखीराम एकाचे तीन करून सांगणारा माणूस, पण शेळ्या पळताना मी स्वतः पाहिल्या आहेत.

मी नागोरावांची सून, रुपाली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून इथेही मी तेच म्हणते. माझं माहेर वणीचं. तिथे कोळशाचे ट्रक दिवसभर धावतात, दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी करडा होतो, आणि तरी माझ्या बापाला कधी साधी सर्दी झाली नाही. इकडे आर्णीच्या बाजूला सागाच्या टेकड्या, ओढे, धुऊन काढल्यासारखी हवा. आणि या असल्या हवेत माझे सासरे भादव्यापासून दिवाळीपर्यंत नाकाला रुमाल लावून बसायचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला वाटलं, हा माणूस सुनेचं तोंड पाहायला नको म्हणून रुमाल लावतो की काय.

तसा माणूस नव्हताच तो. उंच, सडपातळ, बोलायला कमी आणि बघायला जास्त. वावरात काम करता करता मध्येच थांबायचे आणि सागाच्या फुलोऱ्याकडे पाहत राहायचे. पावसाळ्याच्या शेवटी आमच्या टेकड्यांवर तो फुलोरा दुधावरच्या सायीसारखा पसरतो. कपाशीला पाती धरलेली असते, तूर कमरेला आलेली असते, बांधावरचं गवत माणसाच्या खांद्याला लागतं, आणि दुपारी वारा सुटला की सगळं रान एका बाजूला कलतं आणि पुन्हा सावकाश उभं राहतं. त्या दिवसांत ऊनही पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं. मामाजींना वर्षातले हेच दिवस सगळ्यांत आवडायचे. आणि याच दिवसांत त्यांचे डोळे सुजून लाल व्हायचे, पाणी खळायचं नाही, टाळू खाजायची, रात्री नाक बंद. जे आवडतं तेच मानवत नाही, याला काय म्हणायचं!

देवभोळेपणा मात्र त्यांच्यात औषधालाही नव्हता. त्यांच्या वडलांनी छप्पन्न सालानंतर धम्म घेतला, आणि घरातले अंगारे-धुपारे त्या दिवशी जे गेले ते गेले. गावात कोणाला बरं वाटेनासं झालं आणि लोक म्हणू लागले की याला बाहेरचं झालं आहे, म्हणजे भुताखेतानं धरलं आहे, की मामाजी चिडायचे. एकदा एका बाईच्या अंगात आलं होतं आणि ती सगळ्यांचं भूत-भविष्य सांगत होती. मामाजी पुढे जाऊन म्हणाले, "बाई, भविष्य राहू दे. माह्या गोठ्यातल्या बैलाले दात किती थे सांग." बाई तेवढ्यात शुद्धीवर आली. ही गोष्ट गावात अजून सांगतात.

सत्यशीला, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या अगदी उलट. बोलक्या, तरतरीत, खुरपं हातात असलं तरी तोंड चालू. नवऱ्याची शिंक त्या घरातल्या घड्याळासारखी वापरायच्या. "तुहे मामाजी शिंकले, आता ऊठ," म्हणून मला हाक मारायच्या. त्या पाच-सहा वर्षांपूर्वी भादव्यातच गेल्या. ताप आला, यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, आणि आठवडाभरात सगळं संपलं. मामाजींचे डोळे तेव्हा दरवर्षीसारखे वाहतच होते. आलेले लोक म्हणाले, नागोराव धीराचा माणूस, रडला नाही, सर्दीनंच बिचारा हैराण आहे. मलाही तसंच वाटलं.

त्याच वर्षी आर्णीच्या एका डॉक्टरनं त्यांना बारीक पिवळी गोळी दिली. गोळी घेतली की शिंका थांबायच्या आणि झोप यायची. झोप म्हणजे गाढ झोप नव्हे. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर 'हो' म्हणतील, पण ते 'हो' दुसऱ्याच कोणाला तरी म्हटलेलं. वावरात मोहाच्या झाडाखाली गोणपाट टाकून ते दुपारभर पडून राहत. डबा घेऊन मी गेले की त्यांच्या चेहऱ्यावर असं काही शांत असायचं की उठवायची इच्छा होत नसे. मी पण मग जरा वेळ बसायचे. तुरीतून वारा जायचा, कुठे तरी होला घुमायचा, आणि मलाही पेंग यायची. घरी आल्यावर माझा नवरा संघदीप विचारायचा, "डबा देऊन याले एवढा वेळ?" त्याला काय सांगणार!

दर भादव्यात हे असंच. शिंका, गोळी, झोप. लवकरच माझ्या ध्यानात आलं की मामाजी शिंका नसल्या तरी गोळी घेतात. सकाळी एक, दुपारी दोन. पाकिटं उशाखाली, सदऱ्याच्या खिशात, गोठ्याच्या आढ्यात. मी विचारलं तर म्हणत, "नाक चोंदते, पोरी." गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी ते मोटारसायकलवरून वावरातून येत होते आणि वळणावर गाडी वळवायचीच विसरले. सरळ लखीरामच्या सोयाबीनमध्ये. हातपाय शाबूत राहिले, पण लखीरामनं त्यांना धरून घरी आणलं तेव्हा ते हसत होते. "काही लागलं नाई," म्हणाले. त्या हसण्याचीच मला भीती वाटली.

मग सुरू झाली डॉक्टरांची शोधाशोध. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आमची तऱ्हा. एकानं थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. काही नाही. दुसऱ्यानं रक्त तपासून ताकदीचं टॉनिक दिलं. डोळे लाल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तर तो भला माणूस म्हणाला, "डोळ्यांना दोष नाही. ही ॲलर्जी आहे, त्यातलं शिकलेला डॉक्टर पाहा." सर्दीलाही वेगळं शिकलेला डॉक्टर असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यानंच यवतमाळच्या एका बाईंचं नाव दिलं. नाक-कान-घशाच्या डॉक्टर, शिवाय ॲलर्जीचं वेगळं शिक्षण घेतलेल्या. डॉक्टर सुरभी, मूळच्या साताऱ्याकडच्या.

पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. आतापर्यंत एकाही डॉक्टरनं विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. कोणत्या महिन्यात सुरू होतं, कधी थांबतं, घरात जास्त की वावरात, पाऊस पडून गेल्यावर बरं वाटतं का, आईवडलांना दमा होता का. मामाजी खूश होऊन उत्तरं देत होते. बाईंनी नाकात बत्ती घालून पाहिलं, छातीला नळी लावली, जुने कागद चाळले आणि हसून म्हणाल्या, "काका, घाबरायचं काही कारण नाही. तुमचं आतलं सगळं चांगलं आहे. हे सगळं बाहेरचं आहे."

आणि इथे माशी शिंकली.

मामाजी उठून उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. "बाई," ते म्हणाले, "आमच्या घरात बाहेरचं नसते." आणि चप्पल घालून जिना उतरून गेले. मी पर्स, फाईल, पाण्याची बाटली गोळा करून त्यांच्या मागे पळाले.

खाली चहाच्या टपरीजवळ बाकड्यावर ते बसले होते.

"इतकी शिकेल बाई, आन् बाहेरचं म्हणते."

"मामाजी, त्या हवेचं बोलून राह्यल्या असतीन. बाहेरची हवा."

"हवेचं नाई व. तिले समजलं."

"काय समजलं?"

ते एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "सत्यशीला बाहेरची आहे का, पोरी? उभा जनम घरात राह्यली थे. घरची आहे. घरच्या माणसाले बाहेरचं काहून म्हणाव कोनी?"

मला आधी काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. मान खाली घालून, चोरी कबूल करावी तसं. गोळी घेतली की मोहाखाली पडल्या पडल्या त्यांना सासूबाई दिसायच्या. तुरीच्या दोन ओळींमधल्या तासात वाकून तण निंदत असलेल्या, डोक्याला पदर बांधलेला. पाठमोऱ्या.

"बोलतात काय?" मी विचारलं.

"नाई. वळूनबी पाहत नाई. मी म्हणतो, एक डाव वळ न. थे निंदतच राह्यते. मले वाटलं, आखीन एक गोयी घेतली त वळन."

म्हणजे ती सगळी पाकिटं शिंकांसाठी नव्हतीच. त्यांना तिचं तोंड पाहायचं होतं. ज्या माणसानं गावभर भुतांची टर उडवली, तो दर भादव्यात आपल्या मेलेल्या बायकोला भेटत होता आणि तिला कोणी भूत म्हणेल या धास्तीनं गप्प होता. खरं सांगायचं तर मला राग आला. इतकी वर्षं एका ताटात जेवतो आपण, आणि हा माणूस एवढं ओझं एकटाच उचलून हिंडतो!

त्यांना चहा देऊन मी वर गेले आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, आमच्याकडेसुद्धा हेच म्हणतात की! माझ्या तोंडून गेलंच कसं?" बाहेर पेशंट बसले होते, त्यांना थांबायला सांगून त्या माझ्यासोबत खाली आल्या आणि बाकड्यावर मामाजींच्या शेजारी बसल्या.

"काका, माझं चुकलं. मला वाऱ्याचं म्हणायचं होतं. गवत फुलतं ना, त्याची पूड वाऱ्यावर उडते, डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक. ती बाहेरून येते आणि तुमच्या नाकात बसते."

"गवताले कुठं फूल राह्यते?" मामाजींनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "राह्यते. ज्वारीले राह्यते तसं. हलवलं की भुकटी उडते."

"तेच. ती कोणाला काही करत नाही. तुमच्या शरीराला मात्र ती शत्रू वाटते, म्हणून ते शिंकून, पाणी आणून तिला हाकलतं."

मामाजींनी विचार केला. "म्हणजे जागलीवर बसलेला मानूस खुळा. रानडुक्कर समजून गाईले गोटे मारून राह्यला."

"अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या. मग त्यांनी पुढचं सांगितलं. नेमकं कोणत्या गवताचं आहे ते कळायला हातावर तपासणी करायची, त्यासाठी आठवडाभर आधी ती पिवळी गोळी पूर्ण बंद. नंतर नाकात मारायचा स्प्रे, तोही दुखणं यायच्या आधीपासून रोज. त्यानं झोप येत नाही.

"झोप येत नाई?" मामाजींनी एवढंच धरलं.

"नाही, काका."

"मंग थे कशी दिसन?"

बाईंना समजलं. खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती, पण त्या तसं बोलल्या नाहीत. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या गोळ्या अशाच वाढवल्या तर तुम्ही एक दिवस रस्त्यावर संपाल, हे माहीत आहे."

येताना बसमध्ये मामाजी खिडकीशी बसले. बाहेर कासाचं गवत फुलून पांढरं झालं होतं, मैलोगणती. ते म्हणाले, "मी नाई करत तपासणी. शिंका त शिंका." मग माझंही डोकं फिरलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "तुमाले सासूबाईले पाह्यची हौस, तुम्ही गोया खाल्ल्या. उद्या तुम्ही गाडीवरून पडून गेले, त म्या किती गोया खायच्या तुमाले पाहाले? आन् संघदीपनं किती खायच्या? सारं घर मोहाखाली झोपवता काय?"

पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली. सुनेनं असं बोलणं बरं नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. पण मामाजींना हसू आलं, हसता हसता शिंक आली, आणि शिंका थांबल्यावर ते म्हणाले, "तुही सासू असंच बोले."

गोळी बंद केली. तो आठवडा घरानं कसा काढला ते आम्हालाच माहीत. रुमाल धुऊन धुऊन माझे हात पांढरे पडले. मग बाईंनी त्यांच्या हातावर थेंबांची रांग लावली, प्रत्येक थेंबावर सुई नुसती टेकवली. थोड्या वेळानं दोन थेंबांखाली डास चावल्यासारख्या गांधी उठल्या. एक बांधावरच्या गवताची, दुसरी गाजर गवताची. बाकी हात कोरा. मामाजी त्या गांधींकडे नवलानं पाहत होते. म्हणाले, "माह्याच बांधावरचं."

बांधावरचं गाजर गवत संघदीपनं फुलायच्या आत उपटून काढलं, नाकातोंडाला फडकं बांधून. पण रानातलं सगळं गवत कोण उपटणार? यंदा मृग सरल्यावर बाईंनी स्प्रे सुरू केला. मान खाली घालायची, नळी नाकाच्या बाहेरच्या बाजूला वळवायची, जोरात ओढायचं नाही. पहिल्या दिवशी फरक पडणार नाही, पंधरवडा धीर धरा, असंही त्यांनी बजावलं होतं. मामाजी रोज सकाळी तोंड धुऊन ते करायचे, वेठबिगारी केल्यासारखं.

पोळा आला. गाव शिंकेची वाट पाहत राहिलं आणि शिंक आली नाही. समोरच्या घरातले लोक चौकशीला आले, नागोराव बरे आहेत ना? बरे होते. डोळे स्वच्छ, नाक मोकळं, रात्रीची झोप साधी, घोरण्याची. आणि दिवसभर चिडचिड. भाजीत मीठ जास्त, बैल आळशी, रेडिओचा आवाज मोठा. संघदीप म्हणाला, "आबा शिंकत होते तेच बरं होतं." पण रोज दुपारी ते मोहाखाली जायचे, गोणपाट टाकायचे आणि टक्क जागे राहून तुरीकडे पाहत बसायचे. मी विचारायची गरज नव्हती. ती येत नव्हती.

भादव्याच्या मधल्या एका दुपारी मी डबा घेऊन गेले. वारा सुटला होता. सागाचा फुलोरा टेकडीवर पसरला होता, आणि गवत एका बाजूला कलून पुन्हा उभं राहत होतं. सगळं इतकं संथ होतं की माझ्या पायांचा आवाजही मला लांबून आल्यासारखा वाटला. मामाजी मोहाखाली बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गालांवरून, हनुवटीवरून, सदऱ्यावर.

"मामाजी, सकायी स्प्रे नाई घेतला काय?"

"घेतला न."

"मंग शिंका सुरू झाल्या?"

त्यांनी मान हलवली. नाक मोकळं होतं, श्वास स्वच्छ चालू होता. नुसतं पाणी वाहत होतं. त्यांनी रुमालही काढला नव्हता. तुरीच्या रिकाम्या तासांकडे हात करून, जिला काहीच ठाऊक नाही अशा बाईला निरोप सांगावा तसं त्यांनी मला सांगितलं.

"रुपाली, सत्यशीला गेली व."

मी डबा बाजूला ठेवला. पदर सावरला, आणि मयताच्या घरी जाऊन बसतात तशी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.